दप्तराबाहेरचे मूल

म्हसळ्याहून दिवेआगरच्या वाटेला लागलेला प्रवासी बोर्ली पंचतनच्या बाजारात चहापुरता थांबतो आणि समुद्राच्या ओढीने पुढे निघून जातो. इतिहासकारांनीही या गावाशी आजवर साधारण असाच व्यवहार ठेवला आहे. शेजारच्या दिवेआगरला इ. स. १०६० चा ताम्रपट आहे, श्रीवर्धनला पेशव्यांचे मूळ घर आहे, उत्तरेस राजपुरीच्या खाडीपलीकडे सिद्दीचा जंजिरा आहे. बोर्लीला बाजार आहे, आणि बाजाराची बखर कोणी लिहीत नाही. त्यातही ज्या विषयासाठी मी या गावाकडे वळलो, तो बखरीच्या पार पलीकडचा. क्षुल्लक कारणाने संतापणारे, हाताला लागेल ते भिरकावणारे, किंवा हसतेखेळते असता एकाएकी अबोल होऊन पडवीच्या कोपऱ्यात दिवसचे दिवस बसून राहणारे मूल घरच्यांनी पूर्वी कसे सांभाळले, हा तो विषय. जंजिरा संस्थानच्या अंमलात, म्हणजे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत, या मुलुखातील जमाबंदीची, बागायतीची आणि वतनाच्या तंट्यांची नोंद ठेवण्यास कारकून होते. अशा मुलाला मात्र कोणत्याही दप्तरात रकाना नव्हता.

अपवाद म्हणून एकच मूल आठवते, आणि त्याचे मूळ याच किनाऱ्यावरचे. श्रीवर्धनचे देशमुख भट सिद्दीच्या जाचाने गाव सोडून देशावर गेले, बाणकोटच्या खाडीपलीकडील वेळासचे भानूही गेले, आणि पुढे काही पिढ्यांनी भटांच्या घरातील एक पोरके मूल भानूंच्या घरातील नाना फडणविसांच्या हवाली झाले. सवाई माधवरावाच्या जन्मापूर्वीच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्याच्या पित्याचा शनिवारवाड्यात खून झाला होता. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या या मुलाला अवघ्या चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रे मिळाली, आणि ते चौथ्या वर्षात असताना आईही गेली. त्याच्या संगोपनात वरकरणी उणे काही नव्हते. विद्येला शास्त्री होते, पर्वतीच्या पायथ्याशी जनावरांचा शिकारखाना होता, आणि १७८३ साली झालेल्या लग्नाची तजवीज तर इतकी चोख की, तिची यादी आजही कारभाराचा नमुना म्हणून वाचली जाते. परंतु ज्याच्यापाशी हट्ट करावा, रडावे, आणि तरीही ज्याने रात्री अंगावर पांघरूण घालावे अशी माणसे त्या लवाजम्यात किती होती, हे कोणत्याही यादीत येत नाही. १७९५ मध्ये, शिवनेरीवर कैदेत असलेल्या दुसऱ्या बाजीरावाशी त्याने चालविलेला चोरटा पत्रव्यवहार उघडकीस आला. नानांनी कानउघाडणी केली, पहारा कडक झाला, मुलगा खिन्न झाला, ताप भरला, आणि २५ ऑक्टोबर रोजी वाड्याच्या माडीवरून तो खाली कोसळला. दोन दिवसांनी तो मरण पावला तेव्हा त्याचे वय एकवीस होते. ती उडी होती की तापाच्या भ्रमातील अपघात, हा वाद पुष्कळ रंगला आहे, आणि त्यात निवाडा देण्याची मला हौस नाही. नानांसारखा हिशेबी आणि मुलावर जीव असलेला पालकसुद्धा खिन्नतेला बंदोबस्ताने आवरू गेला, एवढेच येथे टिपून ठेवतो.

वाड्याबाहेरच्या घरांत, कुणबी असो, कोळी असो, ब्राह्मण असो की कोकणी मुसलमान, अशा मुलासाठी पहिला शब्द होता ‘लागले’. कोणाची दृष्ट लागली, तिन्हीसांजेला विहिरीवर काही बाहेरचे लागले. मग मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरून चुलीत टाकायच्या, देवळातला अंगारा कपाळी लावायचा, पिराचा ताईत दंडाला बांधायचा, आणि या कामी हिंदू घरातील बाईने दर्ग्याची पायरी चढण्यास कोणाची हरकत नसे. आजच्या सुशिक्षिताने याला हसणे सोपे आहे. परंतु माधवनिदानात बालग्रहांची जी सामान्य लक्षणे सांगितली आहेत, क्षणात दचकणे, क्षणात भिणे, रडणे, स्वतःला आणि दाईला नखांनी-दातांनी ओरबाडणे, ती वाचली म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा किती सावध होता हे पटते. सुश्रुताने उत्तरतंत्रात नऊ ग्रह नावानिशी सांगितले, तरी ग्रह कोणी पाहिला नव्हता, पाहिले होते ते मूलच. ‘लागले’ या शब्दाचा आणखी एक गुण असा की, त्याने दोष मुलाच्या माथ्यावरून उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला जाई. दृष्ट काढताना आजी नातवाला पुढ्यात बसवी, घरातला गलबला थांबे, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर असत आणि कोणाच्याही डोळ्यांत राग नसे. तेवढ्यात मूल पुष्कळदा निवे, आणि निवण्याचे श्रेय मिरच्यांना मिळे.

मात्र ज्या मुलाची दृष्ट मिरच्यांनी निघत नसे, त्याला भगतापुढे बसविले जाई, आणि तेथे तोच शब्द क्रूर होई. भूत उतरविण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणे, छडीने मारणे, मिरच्यांची धुरी देणे, हे प्रकार २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एकेक करून लिहावे लागले. ते घडतच नसते तर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते.

दुसरा शब्द ‘द्वाड’. तो पंतोजींच्या शाळेत विशेष पिकला, आणि त्यावरचा उपाय म्हणजे अंगठे धरून उभे करणे किंवा छडी. घरही शाळेचेच अनुकरण करी. याच कोकणात दक्षिणेस, दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी. त्यांच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहण्याच्या भीतीने माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, तो प्रसंग घरोघर ठाऊक आहे. माराचे समर्थन करण्यासाठी तो सांगणारे मला अनेक भेटले; मारानंतर त्या माउलीने जवळ घेऊन काय समजावले, ते आठवणारे थोडे.

या इतिहासातील खरा पालट, माझ्या मते, आगबोटीने घडविला. औषध फार मागाहून आले. या किनाऱ्यावरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत, गोदीत, जहाजावर चाकरीस लागला. तो शिमग्याला आणि सणावाराला येई, एरवी त्याची मनीऑर्डर येई. पुढे अनेक घरांतील माणसे आखाती देशांत गेली. एकत्र घरात चिडक्या मुलाचा भार दहा हातांत वाटला जात असे. आईने धपाटा घातला की काकी उचलून घेई, काकी कंटाळली की आजोबा वाडीत शिंपणे करायला बरोबर नेत, आणि पोफळींच्या गारव्यात पाण्याशी खेळता खेळता राग कोठल्या कोठे जाई. हात कमी होत गेले तसा तो सगळा भार एकट्या आईवर आला, आणि वर पोर तुझ्याच लाडाने बिघडले हा टोमणाही तिलाच ऐकावा लागला.

योग असा की, तुटलेल्या घराला हात पुरविण्याचा पहिला संस्थात्मक प्रयत्नही मुंबईतच झाला. १९३६ मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था निघाली, पुढे ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्था’ म्हणून विख्यात झालेली. तिने १९३७ मध्ये चाइल्ड गायडन्स क्लिनिक सुरू केले, आणि ते भारतातील पहिले गणले जाते. शिकागोत विल्यम हीली याने १९०९ मध्ये आरंभिलेल्या कामाची ही शाखा. तिची रीत अशी की, मुलाला एकटा डॉक्टर पाहत नसे. मनोरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता मिळून पाहत, आणि समाजकार्यकर्ता मुलाच्या घरापर्यंत जाई. राग येण्याआधी काय घडले, मूल झोपते किती, घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, हे प्रश्न तेव्हा प्रथम रीतसर विचारले जाऊ लागले. त्याच सुमारास ताराबाई मोडक दादरच्या शिशुविहारात बक्षीस आणि शिक्षा दोन्ही वर्ज्य करून मुलांना वाढवीत होत्या, आणि १९४५ मध्ये त्या हे शिक्षण घेऊन बोर्डीला, म्हणजे खेड्यात गेल्या. बोर्डी आणि बोर्ली यांत एका अक्षराचे अंतर. पण ताराबाई उत्तरेला गेल्या, दक्षिणेच्या वाट्याला त्या आल्या नाहीत.

दक्षिणेच्या वाट्याला काय होते? रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. दोन्ही प्रौढ ‘वेड्यां’साठी उभारलेली, आणि आठ वर्षांच्या चिडक्या मुलाला कोणती आई तेथे नेईल? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये कागदावर आला. शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध ठरला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा अहोरात्र चालू आहे, आणि ती मराठीतही बोलते. तेथील किंवा अन्य कोणताही जाणता माणूस आज आईला जे सांगेल, ते ऐकून जुन्या घरातील आजी फारशी चकित होणार नाही: झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा ढळू देऊ नका, एका वेळी एकच गोष्ट सांगा, भर रागात उपदेश करू नका, निवल्यावर बोला, आणि चांगले वागले की ते तेव्हाच बोलून दाखवा. तिला नवे वाटेल ते एवढेच की, मुलांतील खिन्नता पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते, आणि मुलाच्या तोंडी मरणाची भाषा आली तर ते नाटक न समजता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हा इतिहास लिहायला साधन कोठून आणावे? दप्तर मुके आहे. पण मुंबईहून मनीऑर्डरीच्या कुपनावर आणि आंतर्देशीय पत्रांत बापाने विचारलेले दोन शब्द, पोरगा आता रात्री झोपतो का, अजून भांडी फेकतो का, बोर्लीतील काही घरांच्या पेट्यांतून असू शकतील. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या भागातील पुष्कळ घरांवरची छपरे उडाली आणि आतले कागद भिजले. ज्यांच्या पेट्या वाचल्या आहेत, त्यांनी ती पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून वाचावीत.