कृपासदनामागचा विचार
१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनीसंघाकडे राहत असताना पंडिता रमाबाईंनी लंडनच्या फुलम भागातील त्या संघाचे सेवाकार्य पाहिले, आणि समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे मिळणारी ममता पाहून बायबलमधील येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीच्या प्रसंगाचा अर्थ त्यांना उमगला. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि कृपा, म्हणजे पात्रता न पाहता देवाने केलेला माणसाचा स्वीकार, ही कल्पना त्यांच्या अंतःकरणात रुजायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, ही गोष्ट धर्मांतराच्या वादात बहुधा विसरली जाते. १८९६-९७च्या दुष्काळानंतर रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात शेकडो विधवा व मुली आल्या आणि पुढे तेथेच ‘पतित’ म्हणून बहिष्कृत झालेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. स्त्रीचे मोल सौभाग्यावरून ठरवणाऱ्या समाजात पात्रता न पाहता स्वीकारण्याची ही भूमिका जितकी धार्मिक तितकीच सामाजिक होती. अर्थात, या स्वीकाराला कष्टांची जोड होती: मुक्तिसदनातील स्त्रिया शेती, विणकाम व छपाई शिकत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत अनुवादित केलेल्या बायबलची छपाईही या स्त्रियांनीच केली. ते रमाबाईंच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.