ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि घराची रचना

नगराचा इतिहास लिहिताना आपण राजवंश, लढाया आणि तहनामे यांची नोंद काटेकोरपणे करतो. तेथील माणसे मे महिन्याची दुपार कशी काढीत, याची नोंद मात्र सहसा करीत नाही. ग्वाल्हेरसारख्या नगरीत हा प्रश्न जीवनमरणाचा होता आणि आजही आहे. मी आयुष्यभर भाषा शिकविली. स्थापत्य हा माझ्या अधिकाराचा विषय नव्हे. परंतु जुनी घरेदेखील जुन्या पोथ्यांप्रमाणे वाचता येतात, या विश्वासाने हा विषय आपणांसमोर मांडीत आहे.

दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. तिच्या आश्रयाने वसलेली मराठी कुटुंबे दख्खनच्या पठारावरची. पुण्यात मे महिन्याचे सरासरी कमाल तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ग्वाल्हेरात ते ४२ च्या जवळ जाते, आणि जानेवारीची पहाट मात्र ७ अंशांपर्यंत उतरते. चौक, सोपा, माजघर ही मांडणी या कुटुंबांच्या ओळखीची होती. येथील दुहेरी हवामानाला पुरे पडणारे शहाणपण मात्र याच भूमीत पूर्वीपासून नांदत होते.

१४८६ ते १५१६ या काळात राज्य करणाऱ्या राजा मानसिंह तोमराने किल्ल्यावर मानमंदिर बांधले. त्याला जमिनीखाली दोन मजले आहेत. भूगर्भात काही मीटर खाली तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, त्या स्थळाच्या वार्षिक सरासरीइतके राहते. तळघराच्या गारव्याचे रहस्य हेच. मोगल काळात हीच दालने कैद्यांच्या वाट्याला आली. गारवा तोच होता. पण उजेडावाचून त्याचे घर होत नाही, हेही त्या अंधाराने शिकविले. महंमद घौस यांच्या सोळाव्या शतकातील कबरीच्या दगडी जाळ्या दुसरा धडा देतात: ऊन अडवावे, वारा अडवू नये.

हे सारे धडे राहत्या घरात एकत्र आले. येथील वालुकाश्माची दीड-दोन फूट जाडीची भिंत बाहेरची उष्णता आत पोहोचू देण्यास दहा-बारा तास लावते. दुपारचा दाह खोलीत उतरे तो मध्यरात्री, आणि तोवर घरातील माणसे गच्चीवर निजलेली असत. ग्वाल्हेरच्या अक्षांशावर जूनच्या मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर, सुमारे ८७ अंशांवर असतो, तर डिसेंबरात केवळ ४० अंशांवर. म्हणून दक्षिणेकडील लहानसा छज्जा उन्हाळ्यातले ऊन परतवी आणि हिवाळ्यातले आत घेई. वाळ्याच्या पडद्यावर शिंपडलेले पाणी लू कोरडी असल्यामुळेच झपाट्याने सुके. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, ती त्या वाऱ्यातूनच घेतली जाई. श्रावणातल्या दमट हवेत हाच पडदा निरुपयोगी ठरे.

मात्र भिंत एकटी काही करीत नसे. सूर्य चढण्यापूर्वी दारे-खिडक्या लावणे, सायंकाळी त्या उघडणे, चौकात पाणी शिंपडणे, ही शिस्त घरातील स्त्रियांनी पाळली म्हणून दगड कामास आला. दुपारी दार उघडे राहिले तर तीच भिंत तापून रात्रभर ऊब देई. श्रीमंतांघरचे पडदे भिजविणारे आणि पंखे ओढणारे हात स्वतः त्या गारव्यात बसत नसत, याचे स्मरणही इतिहासाने ठेवले पाहिजे.

पुढे पातळ विटांच्या भिंती आणि काँक्रीटची सपाट छपरे आली. तापलेले छप्पर रात्री खोलीतच उष्णता सोडते. ज्याला परवडते तो वातानुकूलन यंत्र बसवितो. ज्याला परवडत नाही तो जागतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये इको-निवास संहिता प्रसिद्ध केली; तिने ग्वाल्हेरसारख्या हवामानात घराच्या छपराव्यतिरिक्तच्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा सुचविली. छपराचा विचार तिने स्वतंत्रपणे केला आहे. जुन्या गवंड्याने हातांनी जाणलेले आज आकड्यांत लिहिले जात आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

या शाळेचे विद्यार्थी उद्या घरे बांधतील, बांधून घेतील किंवा नकाशे मंजूर करतील. त्यांनी जुना वाडा पाडण्यापूर्वी निदान त्याच्या भिंतीची जाडी आणि छज्जाची लांबी मोजून ठेवावी. पश्चिमेच्या उन्हाला आडोसा आणि छपराला पांढरा चुना, इतके तर गरिबाच्या घरालाही शक्य आहे. गारवा हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न राहू नये, एवढीच प्रार्थना.