परळला पेशंट नेताना हेडलाईट गेली, तर आधी फ्यूज बघा

केईएमला किंवा टाटाला पेशंट न्यायचा म्हणजे आपल्याकडच्या गाड्या रात्रीच निघतात. सकाळी केसपेपरच्या लाईनीत नंबर लागला पाहिजे ना. अशा वेळी वाटेत हेडलाईट गेली की काही जण फ्यूजच्या जागी तार नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात आणि गाडी पुढे काढतात. लाईट लागते, पण आता शॉर्ट झालं तर फ्यूजऐवजी वायर जळणार, आणि मागच्या सीटवर पेशंट झोपलेला असतो.

एकच हेडलाईट गेली असेल तर बहुतेक वेळा बल्ब गेलेला असतो. दोन्ही एकदम गेल्या तर फ्यूज, रिले नाहीतर स्विच. अप्पर लागतो पण डिप्पर नाही, असं असेल तरी बल्ब बघाच, कारण एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात आणि त्यातली एकच जाते. काही गाड्यांत डाव्या-उजव्या लाईटला वेगळा फ्यूज असतो.

फ्यूजचा डबा स्टेअरिंगखाली किंवा बोनेटमध्ये बॅटरीजवळ असतो. कुठला फ्यूज कशाचा ते झाकणावर लिहिलेलं असतं. लाईटी बंद करा, चावी काढा, मग फ्यूज उपसा. आतली पट्टी तुटलेली दिसली की तो गेला. लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. लालच्या जागी लालच बसवायचा. नवा फ्यूज लगेच उडाला तर दुसरा घालत बसू नका, कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागलीय. फ्यूज चांगला असेल तर रिले बघा. हॉर्नचा रिले तसाच, त्याच नंबरचा असला तर अदलाबदल करून बघता येतो.

आपल्याकडचा खरा घोटाळा मोठ्या बल्बचा. साधा हॅलोजन 60/55 वॅटचा, 12 व्होल्टवर साधारण 5 अँपिअर ओढतो. 100/90 चा बल्ब 8 च्या वर ओढतो. दोन बल्ब म्हणजे 16 च्या पुढे. होल्डर वितळतो, फ्यूज उडतो, मग कोणीतरी मोठा फ्यूज घालतो. वायर मात्र तीच, बारीक. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने काच तडकते.

पावसाळ्यात सायनवरून परळकडे जाताना दादरचं हिंदमाता लागतं. जोराचा पाऊस झाला की तिथं पाणी तुंबतं. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. नंतर चार-आठ दिवसांनी लाईट मिणमिणायला लागली तर कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का आणि अर्थची वायर गंजलीय का ते बघा.

सुटे फ्यूज गावातच घेऊन डॅशबोर्डात ठेवा, किरकोळ पैशात येतात. मुंबईत लागलेच तर गिरगावात ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत, पण रात्री ती बंद. लाईट काही केल्या लागली नाही तर गाडी उजेडात, ढाब्यावर लावा, चारी इंडिकेटर चालू ठेवा आणि पेशंट सिरियस असेल तर 108 ला फोन करा.