जलसंजीवनी : प्रयोगशाळेपासून चुलीपर्यंत

१/ सरकारी पैशातून संशोधन होते, निबंध छापून येतो. पण ज्या माणसासाठी ते केले, त्याच्या घरात ते कसे पोहोचते? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या एका पुडीत आहे. मराठीत तिला आपण जलसंजीवनी म्हणतो. तिच्या प्रवासाचा हा धागा.

२/ पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, रोगी प्रामुख्याने शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे दगावतो. ते भरून काढण्यासाठी शिरेतून सलाईन देणे हा उपाय माहीत होता. परंतु त्यासाठी निर्जंतुक द्राव, सुया, प्रशिक्षित हात आणि रुग्णालय लागते. साथ येई ती नेमकी यांतले काहीच नसलेल्या ठिकाणी.

३/ कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये तोंडाने द्राव देऊन रोगी बरे केल्याचा वृत्तान्त छापला होता. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हा उपाय का लागू पडतो याचा उलगडाही तेव्हा झालेला नव्हता. वैद्यकविश्वाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

४/ उलगडा पुढे झाला. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात. पाणी त्यांच्यामागून येते. अतिसारात इतर वाटा बिघडल्या तरी हे जोडद्वार शाबूत राहते. म्हणून नुसते मिठाचे पाणी पुरत नाही, त्यात साखरही हवी.

५/ त्याच सुमारास ढाक्यात कॉलरा संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. तिचा खर्च मुख्यतः अमेरिकी सरकारी निधीतून चाले. तेथे डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की तोंडाने द्राव दिल्यास शिरेतून द्यावयाच्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. शास्त्र सिद्ध झाले. तरीही हे काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रुग्णालयातच करावे, अशी बहुतेकांची धारणा होती.

६/ ती मोडली १९७१ मध्ये. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले आणि सीमेवरील बोंगावच्या छावणीत पटकी उसळली. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचे सलाईन संपत आले. त्यांनी कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज मोजून पिशव्या भरून घेतल्या. प्रमाण होते लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा.

७/ द्राव पाजायचे काम रोग्यांच्या नातेवाइकांनीच केले. लोकांचा विश्वास सलाईनवर होता, म्हणून यालाही 'तोंडाने घ्यायचे सलाईन' म्हटले गेले. छावणीत आधी सुमारे ३० टक्के रोगी दगावत होते. या केंद्रात ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला.

८/ मात्र खेड्यापाड्यांत पुडीही मिळत नसे. बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने १९८० पासून दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत कार्यकर्त्या पाठवल्या. त्यांनी आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप शिकवले. ग्लुकोजऐवजी गूळ, तराजूऐवजी हात.

९/ कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे फिरली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्या आईला प्रश्न विचारी आणि तिला किती आठवते त्यावर रक्कम ठरे. आयांना सारे पाठ झाले, पण प्रत्यक्ष वापर फारच थोड्या घरांत होता.

१०/ शोध घेतल्यावर दिसले की खुद्द काही कार्यकर्त्यांचाच या उपायावर भरवसा नव्हता; स्वतःला जुलाब झाले तर त्या गोळ्या घेत. मग त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन यामागचे शास्त्र समजावले. शिवाय घरातील निर्णय पुरुषांच्या हाती असत, म्हणून त्यांच्याशीही बोलणे सुरू झाले. त्यानंतर वापर वाढला.

११/ संशोधनाचा निधी देताना निबंधापुढच्या या कामाचा हिशेब क्वचितच मांडला जातो. येथे माप बदलावे लागले, नाव बदलावे लागले, मोबदल्याची रीत बदलावी लागली. आणि सांगणाऱ्याचीच खात्री आधी पटवावी लागली.

१२/ हे काम संपलेले नाही. भारताच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांनाच जलसंजीवनी मिळाली. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आज घरी एक पुडी आणून ठेवा, आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवायची, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.