मालक नसलेल्या कागदांचा बाजार

कुवेतच्या इतिहासाची कितीतरी पाने मुंबईत छापली गेली, याची आठवण आज ना मुंबईला आहे ना कुवेतला. आखातातले मोती विकायला मुंबईस येत, आणि त्यांच्यामागून सरकारी कागदही येत. कारण आखाताचा कारभार पाहणारा बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. त्या सरकारच्या दप्तरातले आखातविषयक अहवाल ह्यूज टॉमस या अधिकाऱ्याने निवडले आणि 1856 साली मुंबई सरकारच्या 'निवडक कागद' मालिकेत, नव्या क्रमातला 24 वा भाग म्हणून, ते छापून निघाले. कुवेत त्यात 'ग्रेन' या जुन्या नावाने भेटते. पुढे 1985 मध्ये केंब्रिजच्या ओलिअँडर प्रेस या छोट्या प्रकाशनाने हाच ग्रंथ पुन्हा बाजारात आणला. मजकूर जुनाच, वर नवी प्रस्तावना आणि 'अरेबियन गल्फ इंटेलिजन्स' हे ठसठशीत नाव. ज्या मजकुरावर कुणाचा हक्क उरलेला नाही त्यावर धंदा उभा राहतो तो असा. गिऱ्हाईक पैसे मोजते ते शोधण्याचे, निवडण्याचे आणि खात्री देण्याचे.

लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याने रचलेल्या आखाताच्या गॅझेटियरची कहाणी याहून बोलकी आहे. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात हाती घेतलेल्या या कामाचा भौगोलिक खंड 1908 मध्ये निघाला आणि ऐतिहासिक खंड 1915 मध्ये, म्हणजे लॉरिमरच्या मृत्यूनंतर. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आसपास पाने, आणि तीही फक्त सरकारी वापरासाठी. भौगोलिक खंडात गावे वर्णानुक्रमाने लावलेली आहेत. त्यात कुवेत शहराची वस्ती सुमारे 35,000 धरली आहे. तेलाच्या आधीचे कुवेत असे आकड्यांत पकडणारे साधन दुसरे फारसे नाही, म्हणून 1970 आणि 1986 साली झालेल्या पुनर्मुद्रणांना विद्यापीठे आणि ग्रंथालये हे गिऱ्हाईक मिळाले.

मग 2014 मध्ये कतार डिजिटल लायब्ररी सुरू झाली आणि हाच ग्रंथ घरबसल्या फुकट वाचता येऊ लागला. आता विकत कोण घेणार, हा आक्षेप रास्त आहे. नुसती पाने विकणाऱ्याचा धंदा यात बसला, आणि बसायलाच हवा होता. अर्धवट स्कॅन बांधून, घडीचे नकाशे गाळून केलेल्या मागणीबरहुकूम प्रती आजही ऑनलाइन खपतात, ही निव्वळ गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. पण कालिदासही कुणाच्या मालकीचा नव्हता. तो कुणीही छापू शकत होता, तरी जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची प्रत लोक मागून घेत, ती शुद्ध पाठासाठी आणि सुबक टाइपासाठी. कुवेतच्या जुन्या बंदराचा नकाशा नीट स्वच्छ करून, त्यावरच्या जागांची आजची नावे देऊन विकणारा छोटा ऑनलाइन दुकानदार त्याच वाटेने जातो. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: हे कागद साहेबाच्या नजरेने लिहिलेले, ते जसेच्या तसे विकणे म्हणजे ती नजरही विकणे. खरे आहे. म्हणूनच तळटीप हा इथे शोभेचा भाग नाही. कुणी, कुणासाठी, कशाकरता लिहिले हे सांगणारी चार पाने जोडली नाहीत, तर 35,000 चा अंदाज वाचकाला खानेसुमारी वाटेल.

राहिला हक्कांचा प्रश्न, आणि तिथे 'जुने आहे म्हणजे मोकळे आहे' हा समज नडतो. कतारच्या त्या संग्रहात प्रत्येक नोंदीसोबत वापराच्या अटी दिलेल्या असतात, त्या वाचाव्याच लागतात. 1985 च्या आवृत्तीतला मूळ मजकूर मोकळा असला तरी तिची नवी प्रस्तावना मोकळी नाही. शिवाय देशागणिक मुदत बदलते. कुवेतच्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षे, भारतात 60. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांनी लिहिलेले दोन्हीकडे मोकळे झाले आहे. आचार्य अत्रे 1969 साली गेले. त्यांची पुस्तके भारतात 2029 अखेरपर्यंत वारसांच्या हक्कात आहेत. त्यामुळे कुवेतमध्ये बसून मराठी ई-पुस्तकांचे दुकान काढणाऱ्याने तिथला 50 चा आकडा पाहून अत्र्यांना हात घातला आणि माल पुण्याच्या वाचकाला विकला, तर गाठ भारतातल्या कायद्याशी पडेल.