ग्रान टुरिस्मो (व्हिडिओ गेम)

ग्रान टुरिस्मो हा सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलसाठी काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला मोटारशर्यतीचा खेळ आहे. तो २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये प्रकाशित झाला. त्याच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या. मूळ प्लेस्टेशनवर एवढा खप अन्य कोणत्याही खेळाचा झाला नाही.

‘सिम्युलेशन’ प्रकारात खेळाडूस आरंभी १०,००० क्रेडिट मिळतात. एवढ्यात बहुधा जुनी, वापरलेली मोटारच येते. शर्यतींच्या बक्षिसातून तिचे इंजिन, टायर व सस्पेन्शन सुधारत नेणे हा या खेळाचा खरा आनंद होय.

मनस्ताप होतो तो परवान्यांचा. बी, ए आणि आंतरराष्ट्रीय ए या प्रत्येक परवान्यासाठी ८ चाचण्या असतात. ठरावीक जागी मोटार थांबवणे, एखादे वळण वेळेत पार करणे, एवढेच काम. परंतु मोटार मार्गाबाहेर गेली की चाचणी बाद. सेकंदाच्या अंशाने हुकलेली चाचणीही पुन्हा आरंभापासून द्यावी लागते.

चाचणीत इतका काटेकोर असणारा हा खेळ प्रत्यक्ष शर्यतीत मात्र सैल पडतो. प्रतिस्पर्धी मोटारी आपली ठरलेली वाट सोडत नाहीत व मध्ये आलेल्या खेळाडूस सरळ धडकतात. आदळूनही मोटारीची मोडतोड होत नाही. त्यामुळे ब्रेक न लावता कडेच्या भिंतीला घासत वळण घेण्याची पळवाट उरते. खऱ्या वाहनचालनाचे बिरूद मिरवणाऱ्या खेळात ही उणीव विशेष खटकते.