लाकडी सांगाड्यातील तिरपा काप

इमारतीच्या लाकडी सांगाड्यात दोन घटक काटकोनाखेरीज अन्य कोनात एकमेकांस मिळतात, तेव्हा एकाचे टोक जाडीतूनही कलते कापावे लागते. अशा कापास तिरपा काप म्हणतात. पाते जितके कलते तितकी त्याला लाकडातून जाण्याची वाट लांबते. ७५ मिमी. जाडीचे लाकूड सरळ कापताना पाते ७५ मिमी. आत जाते, तेच लाकूड ४५° कलून कापावयाचे असल्यास ही वाट सु. १०६ मिमी. होते. हातकरवतीला या वाढीमुळे फक्त अधिक श्रम पडतात. फिरत्या चकतीच्या करवतीला मात्र तिच्या त्रिज्येबाहेर जाता येत नाही. पुण्यातील जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत ही मर्यादा विशेष जाणवते, कारण तेथील जाड साग आणि पातळ लाकडासाठी घडलेले आधुनिक यंत्र यांची गाठ तेथे पडते.

पुण्यातील वाड्याची रचना मुख्यतः काटकोनाची आहे. दगडी जोते, त्यावर तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट हा तिचा क्रम. खांब व तुळई यांच्या सांध्यात कूस व खोबण असते आणि जोराच्या जागी लाकडी हस्त दिलेले असतात. भिंती विटांच्या वा मातीच्या असल्या, तरी मजल्यांचा बहुतेक भार हा सांगाडाच वाहतो. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी पाया घातलेला व १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा हे या बांधणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्यासाठी जुन्नरच्या जंगलांतून साग, चिंचवडच्या खाणींतून दगड व जेजुरीच्या बाजूने चुना आणला गेला आणि १६,११० रुपये खर्च आला, असे सांगतात. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत त्यातील लाकडी इमारती जळून गेल्या. तटबंदी, जोती आणि दिल्ली दरवाज्यावरील नगारखाना एवढेच उरले. त्यामुळे पेशव्यांच्या मुख्य वाड्याची छपरे कशी जोडली होती, हे आज प्रत्यक्ष पाहता येत नाही. त्या पद्धतीची कल्पना नानावाडा (१७८०), दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील विश्रामबागवाडा आणि पेठांतील खाजगी वाडे यांवरूनच करावी लागते. विश्रामबागवाडाही १८७९ च्या आगीतून पुरता सुटला नाही. त्याच आगीत बुधवारवाडा नष्ट झाला.

अशा काटकोनी घरात तिरप्या कापाची खरी जागा म्हणजे चौकाभोवतीचे छप्पर. चौकाच्या चारही बाजूंच्या सोप्यांवरील पाखी आत उतरतात आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन पाखी एकत्र येऊन पाणी वाहून नेणारा दबलेला सांधा तयार होतो. इमारतीच्या बाहेरच्या कोपऱ्यांत याच्या उलट उंचावलेला सांधा असतो. या दोन्ही ठिकाणी कोपऱ्यातून कर्णाच्या दिशेने जाणारा जाड कोनवासा असतो व बाजूचे आखूड वासे त्याला येऊन टेकतात. दोन्ही पाख्यांचा उतार सारखा आणि कोपरा काटकोनाचा असेल, तर उतार कितीही असो, आखूड वाशाच्या उभ्या बाजूवर ओळंब्याच्या रेषेत काप घेताना पात्याचा कल नेमका ४५° राहतो. ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. तथापि वाशाचा आडवा छेद मनात आणल्यास तिचे कारण लगेच ध्यानात येते, कारण उतार बदलला तरी जमिनीवर पडणारी कोनवाशाची छाया कोपरा दुभागतच जाते.

वाड्यांत मात्र उतार नेहमी सारखे नसतात. दर्शनी सोपा खोल व बाजूचा उथळ असून दोहोंचे आढे एकाच उंचीवर ठेवले, तर उथळ सोप्याचे पाखे अधिक उभे होते. एका पाख्याचा उतार ३०° व दुसऱ्याचा २४° धरल्यास वाशांचे कल सु. ३८° व ५२° येतात. पुढे यंत्रांच्या संदर्भात हा दुसरा आकडा महत्त्वाचा ठरतो.

परंपरागत सुतार हे कोन अंशांत मोजत नसे. गुण्या, ओळंबा व सरकत्या पात्याचा कोनगुण्या यांच्या साहाय्याने तो वाशाच्या उभ्या बाजूवर एक रेषा आणि वरच्या कडेवर दुसरी रेषा आखी. करवत दोन्ही रेषा एकाच वेळी धरून चाले. एकीवरून घसरली की दुसरीवर ते लगेच दिसे. म्हणजे काप एका प्रतलात राहण्याची ग्वाही लाकडाच्या दोन पृष्ठभागांवरील आखणी देई. उरलेली उंचसखल जागा पटाशीने वा रंध्याने साफ केली जाई. लाकूड किती जाड असावे, यास या पद्धतीत बंधन नव्हते; फक्त करवतीचा फेर आरपार जाण्याइतका लांब असला की पुरे. वाकसाने तासलेल्या, सर्वत्र सारख्या नसलेल्या लाकडावरही ही आखणी चालत असे, कारण तिचा आधार लाकडाची कड नसून ओळंबा असे.

एकोणिसाव्या शतकात या बांधणीभोवतीची परिस्थिती बदलू लागली. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकी वर्ग व यांत्रिक शाळा सुरू झाली, तीतूनच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय वाढले. खंडाळा–पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये खुला झाला. मुंबई बंदरात उतरणारा ब्रह्मदेशी साग लोहमार्गाने आणणे सोपे झाले. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यावर मंगळूरी कौले पश्चिम भारतात पसरली. त्यांना सरळ व सारख्या अंतरावरील रिपा लागतात, त्यामुळे ओबडधोबड वाशांऐवजी एका प्रतलात बसणारे चौरस कापलेले वासे घेणे भाग पडले. अशा रीतीने लाकडाचे माप निश्चित होण्याची दिशा ठरली, परंतु ते युरोप-अमेरिकेप्रमाणे पातळ मात्र झाले नाही.

वर्तुळाकार करवतीचा इतिहास इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील सॅम्युएल मिलर याच्या १७७७ च्या एकस्वापर्यंत मागे जातो. पुढील सुमारे दीडशे वर्षे ती गिरणीत एका जागी बसविलेली असे व लाकूड तिच्याकडे न्यावे लागे. अमेरिकेत एडमंड मिशेल याने १९२० च्या दशकात हातात धरून चालविता येणारी विजेची करवत तयार केली, तेव्हा यंत्र लाकडाकडे जाऊ लागले. तेथे १८३० च्या दशकापासून घरे जाड खांबांऐवजी खिळ्यांनी जोडलेल्या पातळ फळ्यांच्या सांगाड्याची होऊ लागली होती. १९७० च्या अमेरिकी मानकानुसार ‘दोन इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मऊ लाकडाची प्रत्यक्ष जाडी दीड इंच, म्हणजे ३८ मिमी., ठरली. १८४ मिमी. व्यासाची तेथील नेहमीची हातकरवत सरळ सु. ६२ मिमी. व ४५° कलावर सु. ४८ मिमी. खोल कापते. म्हणजे त्या देशातील वासा कोणत्याही नेहमीच्या कलाने एका फेरीत कापला जातो. यंत्र आणि लाकूड यांची मापे तेथे एकमेकांना धरून स्थिरावली, असे म्हणावयास हरकत नाही.

मार्गदर्शक पट्टीवरून चालणारी करवत १९६० च्या दशकात जर्मनीत पुढे आली. तीत ॲल्युमिनियमची लांब पट्टी लाकडावर ठेवून तिच्या उंचवट्यावरून यंत्राचा तळ सरकवितात. पट्टीच्या रबरी कडेपाशीच पाते उतरते, त्यामुळे आखलेल्या रेषेवर पट्टी ठेवली की काप सरळ येतो. मुळात हे साधन मोठी तावदाने व फळ्या कापण्यास सोयीचे. सांगाड्याच्या कामास ते नंतर लावले गेले. १६० ते १६५ मिमी. व्यासाच्या पात्याची अशी करवत सरळ सु. ५५ मिमी. आणि ४५° कलावर ४० ते ४३ मिमी. कापते, २१० मिमी. पात्याची सु. ७५ व ५६ मिमी. कापते. पट्टीची स्वतःची जाडी ४ ते ५ मिमी. असते व काही यंत्रांच्या दिलेल्या आकड्यांतून ती वजा करावी लागते. पाते ४५° कलले की खोली साधारणतः सरळ खोलीच्या सात-दशांशाच्या आसपास येते. यंत्राच्या बिजागरीच्या जागेनुसार यात थोडा फरक पडतो. पाते मोठे केले तरी त्याची पूर्ण त्रिज्या उपयोगी पडत नाही, कारण मधला आस, दंतचक्रांची पेटी व चलित्र ही लाकडाच्या वरच राहावी लागतात. १३० मिमी. वा त्याहून खोल कापणारी वजनदार यंत्रे युरोपातील जाड लाकूडबांधणीसाठी तयार होतात. ती उचलून माळ्यावर नेणे हे निराळेच काम आहे.

वाड्याच्या ७५ मिमी. जाड वाशाला ही परिमाणे लावून पाहता यंत्राच्या अडचणी स्पष्ट होतात. २१० मिमी. पात्याची करवत ४५° कलावर सु. ५६ मिमी. पर्यंत पोचते, पलीकडचे सु. २० मिमी. लाकूड तसेच राहते. उलट बाजूने दुसरा काप घ्यावा, तर तो पहिल्याला नेमका मिळाला पाहिजे, आणि कलात १° चूक झाली तरी १०६ मिमी. वाटेवर सु. २ मिमी. फरक पडतो. यांतील बहुतेक यंत्रांचा कल ४५° ते ४७° पर्यंतच जातो. विषम पाख्यांतील ५२° चा काप त्यांना थेट घेताच येत नाही. शिवाय पट्टी १८ ते २० सेंमी. रुंद असते आणि वाशाची बाजू तिच्याहून अरुंद. शेजारी दुसरे लाकूड जोडून आधार करावा लागतो, आणि वाकसाने तासलेल्या पृष्ठभागावर पट्टी डुलली तर कलाचा कोन बिघडतो. जुन्या लाकडात राहिलेले घडीव खिळे टंगस्टन कार्बाइडचे दात तोडतात. सागात मुळातच सिलिका असल्याने साध्या पोलादाची धार त्यात लवकर बोथट होते; म्हणून कार्बाइडशिवाय यंत्राचा पाड लागत नाही, ही आणखी एक अडचण. या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : पट्टीवरील करवत एक रेषा व एक कोन एवढेच जाणते, लाकडाच्या दुसऱ्या पृष्ठभागावरील रेषा तिला दिसत नाही. खोली संपते तेथे तिचा अधिकारही संपतो.

हा प्रश्न पुण्यात केवळ हत्यारांच्या आवडीनिवडीचा नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य जुनी घरे पडली, आणि त्यानंतरच्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी मोठ्या प्रमाणावर सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. वाडा उतरविला की त्यातील खांब व तुळया जुना साग म्हणून वखारीत जातात व पट्टा करवतीवर चिरून त्यांची कपाटे व दारे होतात. त्या घेराचा साग आता सहजासहजी मिळत नाही. म्हणून जे वाडे उभे आहेत, त्यांतील कुजलेले टोक कापून नवा तुकडा सांधताना एक काप चुकला, तर ती लांबी कायमची जाते. कोनवाशाला टेकणारा आखूड वासा २ मिमी. उघडा राहिला, तर त्या फटीतून पावसाचे पाणी पुन्हा त्याच टोकात मुरते. दुरुस्तीच पुढील कुजण्याचे कारण होते. हे लक्षात न घेता यंत्र आणल्याने काम आपोआप अचूक होते, असे मानण्याची प्रवृत्ती ठेकेदारांत आढळते, ती घातक आहे. कोनच बदलून यंत्राला सोयीचा सांधा करणे त्याहूनही घातक, कारण मग एका वाशाच्या सोयीसाठी साऱ्या पाख्याचा उतार हलतो.

याचा अर्थ यंत्र टाकून द्यावे असा नाही. नवी पाटांची जमीन, लांब रिपा, फळ्यांच्या कडा व तावदाने यांसाठी पट्टीवरील करवतीइतके जलद व स्वच्छ साधन हाताशी नाही. कोनवाशाच्या वरच्या कडेला पाख्यांप्रमाणे दुहेरी उतार द्यावयाचा असतो, त्या कामी तर ती फार उपयोगी पडते : दोन्ही उतार ३०° असल्यास हा कल जेमतेम २१° येतो, काप लांबीच्या दिशेने असतो आणि काढावयाची चीप उथळ असल्याने खोलीचा प्रश्न उद्भवत नाही. आखूड वाशांच्या टोकांबाबत मात्र दोन्ही पृष्ठभागांवर आखणी करून घेणे, यंत्राने पोचेल तेवढी खोली किंचित लाकूड राखून कापणे आणि राहिलेला भाग हातकरवतीने दोन रेषा धरून पुरा करून पटाशीने बसविणे हाच क्रम सोयीचा ठरतो. ज्या बाजूचा कल यंत्राच्या मर्यादेपलीकडे जातो, तेथे सुरुवातीपासूनच हातकरवत घ्यावी लागते.